कलियासोतच्या गावी आपले स्वागत



स्वागताध्यक्षानं आटोपतं घ्यावं असा संकेत आहे. कार्यवाहांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळही आणून ठेवलं आहे. घड्याळ मंडळाचं आहे आणि ते मागे पडतं, हे मात्र ते विसरलेले दिसतात.

मी शास्त्रज्ञ नव्हे. पत्रा कापणं, वाकवणं आणि वेल्डिंग करणं हा माझा धंदा. वडील अकोल्याहून ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’मध्ये फिटर म्हणून आले, मी इथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो आणि पुढे औद्योगिक वसाहतीत शेड घेतली. शेवाळावरच्या परिषदेचं स्वागताध्यक्षपद माझ्याकडे का, असं घरी विचारलं गेलं. मी म्हटलं, मांडववाल्याशी भाव करता येतो म्हणून.

भोपाळ म्हटलं की पाहुण्यांना बडा तालाब, बेगमा आणि ताजुल मसाजिद आठवते. आठवावीच. पण तालाबाच्या पूर्वेला एक दुसरं भोपाळ आहे आणि ते भारताच्या नव्या काळाचं आहे, हे मी जरा अभिमानानंच सांगतो. 1956 हे साल आमच्यासाठी दुहेरी शुभ. 1 नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि त्याच वर्षी ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीचं तांत्रिक सहकार्य होतं. 6 नोव्हेंबर 1960 ला पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. 1974 मध्ये तो ‘भेल’मध्ये विलीन झाला, पण जुनी माणसं अजून ‘हेवी’च म्हणतात. जलविद्युत टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, रेल्वे इंजिनांच्या मोटारी इथून देशभर गेल्या. कोयनेच्या नाहीतर भाक्राच्या गप्पा निघाल्या की आमच्या गल्लीतला निवृत्त माणूस छाती पुढे काढून बसतो. त्याचं यंत्र तिथं बसलेलं असो वा नसो, वीज आपलीच, असा त्याचा हिशेब.

या कारखान्याभोवती गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा वसले. केरळी, बंगाली, पंजाबी, तेलुगू आणि आपण मराठी एका रांगेत राहायला आलो. कैरीचं लोणचं कुणाचं चांगलं, हा वाद चार भाषांत झाला. गणपतीत मराठी नाटक बसायचं आणि त्यात हमखास एखादा मल्याळी शेजारी शिपायाचं काम करायचा. इथून निवडून गेलेले बाबूलाल गौर 2004 मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा आमच्या चहाच्या टपऱ्यांनाही राजकीय वजन आलं होतं.

पण मला आज खरं सांगायचं आहे ते एका विसरलेल्या माणसाबद्दल. कार्यवाह, दोन मिनिटं.

भोपाळहून भोजपूर तीसेक किलोमीटर. तिथं राजा भोजाचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर आहे आणि जवळच जुन्या बांधांचे अवशेष. अकराव्या शतकात भोजानं बेतवेचं खोरं अडवून एक अफाट सरोवर केलं. विल्यम किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1888 मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त त्याचा विस्तार 250 चौरस मैलांच्या आसपास धरला आहे. त्यानंच एक दंतकथाही नोंदवली. राजाला असाध्य रोग जडला. एका साधूनं सांगितलं, 365 झऱ्यांचं पाणी एकत्र येईल असं सरोवर बांध आणि त्यात स्नान कर. शोधाशोध झाली, झरे भरले 359. सहा कमी! दरबारात पंडित होते, स्थपती होते, कोणालाही उपाय सुचेना. तेव्हा कालिया नावाचा एक गोंड नायक पुढे आला आणि त्यानं डोंगरापलीकडची एक नदी दाखवली. तिचे झरे मिळून आकडा पुरा झाला. त्या नदीला त्याचं नाव मिळालं, कलियासोत.

पुढे पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहानं तो बांध फोडला. सैन्याला फोडायला तीन महिने लागले, सरोवर रितं व्हायला तीन वर्षं आणि तळ वस्तीलायक व्हायला तीस वर्षं, असं लोक सांगतात. आकडे दंतकथेचे आहेत, मी त्यांची हमी घेत नाही. पण भोजाचा पुतळा तलावात दिमाखात उभा आहे, होशंगशहाच्या नावानं शेजारचं होशंगाबाद कालपरवापर्यंत होतं, आणि ज्याला पाणी कुठून येतं हे ठाऊक होतं त्या कालियाचा साधा फलकही मला कुठं दिसला नाही. पावसाळ्यात बडा तालाब भरला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि पाणी कलियासोतेतूनच बेतवेकडे जातं. पाहुण्यांनी ते धरण जरूर पाहावं, मात्र दिवसा. त्या बाजूच्या जंगलात वाघ आहेत. ही थट्टा नाही.

आता विषय. कालियाचा आणि शेवाळाचा संबंध काय, असं अध्यक्ष महोदयांच्या चेहऱ्यावर मला दिसतं आहे. संबंध बादरायण आहे, हे मान्य. पण पाण्यात काय मिसळतं आणि ते पुढे कुठं जातं, हा प्रश्न या शहराचा आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीची वायुगळती जगाला ठाऊक आहे. ती गळती जिथून झाली त्या बंद कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतल्या भूजलाचा प्रश्न कितीतरी वर्षं रेंगाळला, हे त्यामानानं कमी ठाऊक आहे. तेव्हा पाण्याचं शास्त्र आम्हाला परकं वाटत नाही.

आणि धातूंचं तर नाहीच. माझ्या शेडपासून थोड्या अंतरावर निकेल प्लेटिंगचं एक छोटं युनिट आहे. माझे ब्रॅकेट तिथंच जातात. आकड्याला लटकवलेला माल टाकीतून वर काढला की हिरवं पाणी ठिबकत राहतं. कामगार तो क्षणभर टाकीवर धरतो, मग शेजारच्या साध्या पाण्यात खंगाळतो. घाई असली तर तो क्षणभरही धरत नाही. दुपारपर्यंत ते खंगाळायचं पाणी फिकट हिरवं झालेलं असतं. तो रंग म्हणजे निकेल, रोख पैसे देऊन आणलेलं. मग त्यात चुना घालून चिखल बसवायचा आणि तो धोकादायक कचरा म्हणून पिथमपूरला रवाना करायचा. म्हणजे निकेल विकत घ्या, त्याचा चिखल करा आणि चिखल उचलण्याचेही पैसे मोजा. असा धंदा आमच्यासारखे शहाणेच करू जाणे!

सराफ्यातला झारेकरी दुकानापुढची धूळ उगाच धूत बसत नाही, त्याला तिच्यातलं सोनं माहीत असतं. शेवाळ पाण्यातला झारेकरी आहे, असं मला आपल्यापैकी एका विदुषींनी काल रात्री जेवताना समजावलं, आणि मला पटलं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या, सारगॅसमसारख्या, पेशीभित्तिकेत अल्जिनेट असतं. त्याच्यावरचे कॅल्शियमचे कण सुटतात आणि त्यांच्या जागी निकेल, तांबं, शिसं येऊन चिकटतं. गंमत अशी की शेवाळ जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवलेलं, कुटलेलं, नळीत भरलेलं चालतं. पाणी किंचित आम्ल असावं, सामू चार-पाचच्या घरात. नळी भरली की थोडं तीव्र आम्ल सोडायचं, धातू मोकळा होतो, तोही लहानशा बादलीभर द्रावणात, आणि नळी पुन्हा कामाला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्होलेस्की यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. अमेरिकेत क्लोरेला सिलिकात बसवून ‘अल्गासॉर्ब’ नावाचं उत्पादनही निघालं होतं.

मग हे गोविंदपुऱ्यात का नाही? कारण, बाईंनीच सांगितलं, प्रयोगशाळेतलं पाणी सभ्य असतं. आमच्या पाण्यात साबण, तेल, चमक आणणारी रसायनं, शिवाय बोअरचं कॅल्शियम-मॅग्नेशियम. तेही निकेलच्या जागेवर हक्क सांगतं. सहा संयुजी क्रोमियमची तऱ्हाच वेगळी, ते आधी तीन संयुजी करून घ्यावं लागतं. कायदा सांडपाण्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत निकेल चालवून घेतो, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते 0.02 आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर शेवाळ कितपत कापतं, हे आमच्या टाकीवर कोणी मोजून दाखवलं तर मी स्वतः त्याची पालखी उचलीन.

आता माफी. काल रात्री दोन खोल्यांत गरम पाणी आलं नाही. स्टेशनवर उतरलेल्या काही पाहुण्यांना जुन्या हबीबगंज नावानं रिक्षा करायला सांगितलं आणि त्यांनी राणी कमलापती स्थानकातच उभं राहून हबीबगंज शोधलं, त्यात आमचीच चूक. सकाळचे पोहे संपले, जिलबी उरली. उद्या उलटं होऊ नये म्हणून दोन्ही वाढवून सांगितलं आहे. पोस्टर लावायच्या पाट्या कमी पडल्या, तेव्हा माझ्या शेडमधले पत्रे उभे केले आहेत. त्यांच्या कडा धारदार आहेत, कृपया जपून. थंडी अंदाजापेक्षा जास्त निघाली, रजया वाढवल्या आहेत.

आणि आभार. ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नावं निमंत्रणपत्रिकेच्या शेवटच्या पानावर आहेत. कोणाचं राहिलं असेल तर रुसू नये, माझ्याशी बोलावं. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या करणाऱ्या मित्रानं जनित्र आणि त्याचं डिझेल दिलं. प्लेटिंगवाल्या शेठनी, ज्यांच्या टाकीबद्दल मी आत्ता एवढं बोललो, दोन्ही दिवसांचं जेवण दिलं आणि वर म्हणाले, बोला, खरंच आहे. किराणा दुकानदारानं तेलाचे डबे उधारीवर दिले आणि उधारीची तारीख अजून विचारलेली नाही. मंडळाच्या भगिनींनी पहाटेपासून चिवडा, लाडू आणि नोंदणीचं टेबल सांभाळलं. आयटीआयच्या मुलांनी ध्वनिक्षेपक दुरुस्त केला, तोच तुम्ही आत्ता ऐकत आहात.

एक विनंती करून थांबतो. नोंदणीच्या टेबलावर एक लाल वही ठेवली आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेत शेवाळाची नळी चालते आहे त्यांनी तिच्यात नाव, पत्ता आणि लागणारी जागा लिहून जावं. जागा, वीज आणि रोजचं हिरवं पाणी आम्ही देऊ. शेठनी तसा शब्द दिला आहे, ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नळी तेवढी तुम्ही घेऊन या.