माले इचारा

समोर पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, त्यांच्या आईवडिलांनो आणि बहीणभावांनो, विशेष शाळांतल्या शिक्षकांनो, खानदेशातल्या लिहित्या मंडळींनो, आणि सगळ्यांत शेवटी व्यासपीठावरच्या मान्यवरांनो,

हा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे. बौद्धिक अक्षमता, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांच्या नावानं आपण वर्षानुवर्षं मेळावे घेतो आणि त्यांनाच दाराजवळ बसवतो. गडबड केली तर पटकन बाहेर नेता यावं, असा त्यामागचा हिशेब. आज ती माणसं समोर आहेत. कोणी मध्येच उठेल, कोणी भलत्या वेळी टाळ्या वाजवेल. तो या सभेचाच आवाज आहे. त्यावर ज्यांना ‘शूऽऽ’ करायचं असेल, त्यांनी दाराजवळच्या खुर्च्या घ्याव्यात.

अध्यक्षपदाचा मान दिलात, मी आभारी आहे. पण हा मान घेऊन गोड बोलून जाणं मला जमणार नाही. मी भांडायला आले आहे. माझं भांडण दयेशी आहे.

अमळनेरला अध्यक्षीय भाषणं नवी नाहीत. १९५२ साली इथं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉ. रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावं संमेलन याच गावात झालं. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनाचाही मांडव इथंच पडला आणि साहित्यात कोणाचा आवाज ऐकला जातो यावर गावात वाद रंगले. ते रंगायलाच हवे होते. आज मी त्या वादात एक प्रश्न वाढवते. ज्याला वाचता येत नाही, ज्याचं बोलणं अडखळतं, जो बोटानं चित्रं दाखवून बोलतो, त्याला मराठीच्या मांडवात वक्ता म्हणून खुर्ची कधी मिळणार?

‘त्यांना काय सांगता येणार?’ असं कोणी मनात म्हणालं असेल, तर निदान खानदेशात तरी म्हणू नये. ज्या आसोद्याच्या लेकीचं नाव आपण आपल्या विद्यापीठाला दिलं, त्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं महाराष्ट्रासमोर आली. लिहिणारा हात दुसऱ्याचा होता म्हणून ती गाणी दुसऱ्याची झाली का? आजही आपण त्यांना बहिणाबाईंचीच म्हणतो ना? मग दहावीच्या परीक्षेला आमचं पोर लेखनिक मागतं, तासामागे २० मिनिटं जास्त मागतं, तेव्हा ‘सवलतीवर पास झाला’ असं कोणत्या तोंडानं म्हणता? आधार घेऊन बोललेला शब्द बोलणाऱ्याचाच असतो. मला आज एवढंच सांगायचं आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठीचं भांडण आहे.

बहिणाबाई गेल्या तो दिवस ३ डिसेंबर १९५१. पुढे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ३ डिसेंबर हाच जागतिक अपंग दिन ठरवला. त्या दिवशी आपल्याकडे काय होतं, तुम्ही जाणता. मुलांना उन्हात रांगेत उभं करतात. प्रत्येकाच्या हातात दोन केळी आणि एक वही. वही देणारा हात आणि घेणारा हात दोन्ही फोटोत नीट आले पाहिजेत, म्हणून पोराला ‘इकडे बघ, इकडे बघ’ चाललेलं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात देणाऱ्यांची नावं ओळीनं छापून येतात आणि घेणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. केळी आमच्या जळगाव जिल्ह्यात कमी नाहीत. आम्हाला कमी पडतं ते दुसरंच आहे.

काय कमी पडतं, ते एका प्रसंगातून सांगते. माझा धाकटा भाऊ इथं समोर बसला आहे. त्याला विचारलं, तो ‘सांग’ म्हणाला, म्हणून सांगते आहे. प्रमाणपत्राच्या कामासाठी आम्ही एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. भावाचं वय तेव्हा छत्तीस. भांग नीट पाडलेला, खिशाला पेन, पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, जुना दाखला, फोटो. टेबलापलीकडच्या साहेबांनी त्याच्याकडे न बघता वडिलांना विचारायला सुरुवात केली. ‘हातानं जेवतो का? संडासचं कळतं का? पैसे ओळखतो का?’ मागे भली मोठी रांग, सगळ्यांचे कान इकडे. वडील मान खाली घालून ‘हो साहेब, हो साहेब’ करत होते. मग भावानं टेबलावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘माले इचारा ना. मी शे ना आठे.’ मला विचारा ना, मी आहे ना इथं.

रांगेत कोणीतरी हसलं. साहेबांनी मान वर केली, पण पुढचा प्रश्नही वडिलांनाच विचारला.

त्या दिवसाचा दाखला आमच्या घरी फाईलला लावलेला आहे. त्यावर टक्के आहेत, सही आहे, शिक्का आहे. भावाचं उत्तर त्यात कुठेही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचं नावच नव्हतं, ते या कायद्यात आलं. कलम १३ सांगतं की अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच क्षमता आहे. कलम १४ मधलं मर्यादित पालकत्व म्हणजे पालक आणि ती व्यक्ती अशा दोघांनी मिळून, विश्वासानं घेतलेला निर्णय. तोसुद्धा ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीपुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. कलम ९२ प्रमाणे चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूनं अपमान केला, तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता, अशा सगळ्यांसाठी मिळून आहे. ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. विशेष शिक्षकांसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाणही घालून दिलं : प्राथमिकला दहा मुलांमागे एक, पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक. तुमच्या गावच्या शाळेत जा आणि हे शिक्षक कुठे आहेत ते विचारा. हे उपकार म्हणून मागायचं नाही. कायद्याचं कलम हातात धरून मागायचं आहे.

‘अहो, पण त्यांच्या भल्यासाठीच करतो ना सगळं,’ असं ऐकवणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात. दुसऱ्याला न विचारता केलेलं भलं कुठवर जातं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. पाळीची सोय करायला, शिकवायला माणसं नेमायची सोडून अवयवच काढून टाकला. विद्या बाळ, डॉ. अनंत फडके आणि स्त्री-चळवळीतल्या अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, बौद्धिक अक्षमता असलेल्या बाईला मूल हवं असेल, तर तिच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही. तिच्या शरीराबद्दल आधी तिला विचारायचं, एवढी साधी गोष्ट देशाच्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाला सांगावी लागली.

साहित्यिक मंडळी, आता तुमच्याकडे वळते. हे साने गुरुजींच्या अध्यापनाचं गाव. इथल्या हायस्कुलात आणि छात्रालयात त्यांनी मुलांना शिकवलं आणि सांभाळलं. आपण सगळे आईच्या मायेच्या गोष्टींवर वाढलो. त्यामुळे असेल, अपंग मुलाबद्दल लिहायचं म्हटलं की मराठी लेखणी थेट आईकडे जाते. आईचा त्याग, आईची सोशिकता, आईचं पांढरं झालेलं कपाळ. मुलगा त्या कथेत फक्त निमित्त असतो. त्याला काय आवडतं, कोणाचा राग येतो, कोणावर जीव जडला आहे, यावर एक ओळ नाही. आईला देवी केलं की तिला सुट्टी, पगार, मदतनीस द्यायला नको आणि मुलाला केवळ देवाची परीक्षा मानलं की त्याला माणसाचे हक्क द्यायला नकोत. गुरुजींचा वारसा सांगायचाच असेल, तर मे १९४७ मधला सांगा. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. बाहेर उभ्या असलेल्यांना प्रसाद नेऊन द्या, असं ते म्हणत नव्हते. दार उघडा, अशी त्यांची मागणी होती.

आणि दार उघडलं की काय होतं, त्याचंही मराठीत उदाहरण आहे. १९९१ च्या ‘चौकट राजा’त दिलीप प्रभावळकरांनी नंदू उभा केला, आपण सगळे रडलो. तो अभिनय मोठाच. पण २०१४ च्या ‘यलो’ मध्ये पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच स्वतःची भूमिका करायला उभी राहिली. गौरीला डाऊन सिंड्रोम आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली. गौरी पडद्यावर येते तेव्हा तिच्या वतीनं बोलायला दुसरं कोणी लागत नाही. कथा-कादंबरीत हे कधी होणार? ऐकून उतरवून घ्यायला बसा. सोपानदेवांना जमलं, ते तुम्हाला का जमू नये?

‘अपंगत्वाचा अभिमान’ म्हटलं की काही जणांच्या कपाळावर आठ्या पडतात. दुःखाचा कसला अभिमान, असं विचारतात. दुःखाचा नाहीच मुळी. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेली माणसं स्वतःची परिषद भरवायला जमली आणि त्यांनी आपली ओळख ठरवली : आम्ही आधी माणसं आहोत. तिथून स्वतःची बाजू स्वतः मांडण्याची चळवळ देशोदेशी गेली. अभिमान म्हणजे न लपणं. पाहुणे आले की आतल्या खोलीत न जाणं, बहिणीच्या लग्नाच्या फोटोत मधोमध उभं राहणं. माझा भाऊ पिठाच्या गिरणीत काम करतो. डब्यावर नाव नसलं तरी कोणाचा डबा कोणता, ते त्याला ठाऊक असतं. कळण्याचं दळण झाल्यावर लगेच गहू टाकू नका, हे मालकाला तोच बजावतो. सुरुवातीला मालक म्हणायचे, ‘रमतो इथं, चहा-नाश्ता देतो.’ भावानं एका आठवड्यात शेजारच्या गड्याला पैसे मिळताना पाहिले आणि स्वतःचा हात पुढे केला. आज त्याला गड्याइतकीच मजुरी मिळते. मी त्यालाच अभिमान म्हणते.

इथं बसलेली एखादी आई मनात म्हणत असेल, ‘ताई, तुमचा भाऊ बोलतो. माझा लेक बोलत नाही, त्याला भरवावं लागतं. त्याचं काय? आणि आमच्यानंतर काय?’ माय, तुझा प्रश्न सगळ्यांत खरा आहे आणि त्याला टाळून केलेलं कोणतंही भाषण पोकळ आहे. न बोलणारं मूलही सांगत असतं. नको असलेला घास ते तोंडातून बाहेर ढकलतं, आवडीच्या माणसाकडे मान वळवतं. ते वाचणारं माणूस तू आहेस, म्हणून तुझी साक्ष मोलाची आहे. पण तू एकटीनं किती वर्षं वाचायचं? नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर उभं केलं, डोंबिवलीजवळ पालकांनी मिळून ‘घरकुल’ उभं केलं. पालकांनी जे केलं त्याला तोड नाही. पण शासनाचं काम पालकांनीच करत राहायचं, हा कुठला न्याय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती नेमली आहे. ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न त्या टेबलावर, लेखी, तारीख घालून ठेवा.

आता मागण्या. प्रत्येक ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी कुठे खर्च केला, ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं. अठरा पूर्ण झालेल्या आमच्या प्रत्येक मुलामुलीचं नाव मतदार यादीत जावं. कोर्टानं तसं जाहीर केल्याशिवाय कोणाचाही मताचा हक्क जात नाही, हे पालकांनीही पक्कं लक्षात ठेवावं. दाखल्याच्या टेबलावर पहिला प्रश्न त्या व्यक्तीला विचारला जावा. कामाला मजुरी मिळावी. आणि यापुढे आमच्या नावानं होणाऱ्या प्रत्येक समितीत आमच्यातलं एक माणूस असावं, मदतनिसासह.

हे ठराव मी मांडणार नाही. समोर बसलेले पाच जण ते एकेक करून मांडतील आणि अनुमोदनही त्यांच्यातलेच देतील. एक जण चित्रांच्या पाट्या दाखवून मांडणार आहे, एकीला दोन वाक्यांच्या मध्ये बराच वेळ लागेल. माझ्या भाषणाचा उरलेला वेळ मी त्यांना देते. कोणीही त्यांचं वाक्य मध्येच पुरं करायचं नाही, ही अध्यक्ष म्हणून माझी या सभेला ताकीद आहे. माईक खाली आणा.