अजनाल्याच्या विहिरीतील मूक साक्षीदार

(विज्ञानविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



पितृपक्षात तर्पण करताना आपण पूर्वजांची नावे आणि गोत्र उच्चारतो. ज्यांची नावे ठाऊक नाहीत, अशा अज्ञात पितरांसाठीही एक ओंजळ सोडतो. आज मी अशाच काही अज्ञातांची कथा आपल्यापुढे मांडणार आहे. त्यांची नावे तर हरवली होतीच, पण ते कोणत्या भूमीचे पुत्र, हेही निश्चित सांगता येत नव्हते. तब्बल दीडशे वर्षांनंतर याविषयीची साक्ष दिली ती त्यांच्या दातांनी.

पंजाबात अमृतसर जिल्ह्यात अजनाला नावाचे गाव आहे. ३० जुलै १८५७ रोजी लाहोरनजीकच्या मियाँ मीर छावणीत २६ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांनी उठाव केला. त्यांची शस्त्रे मे महिन्यातच काढून घेतलेली होती. ते रावीच्या दिशेने निघाले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने पाठलाग करून २८२ जणांना अजनाल्यास आणले. १ ऑगस्ट रोजी त्यांना दहा-दहाच्या गटाने बाहेर काढून गोळ्या घालण्यात आल्या. २३७ जण असे मारल्यावर उरलेल्यांना कोंडलेल्या बुरुजाचे दार उघडले, तेव्हा आत ४५ जण गुदमरून मरण पावलेले आढळले. सारे देह जवळच्या कोरड्या विहिरीत लोटण्यात आले. ही हकीकत कोणा भारतीयाने रचलेली नाही. कूपरने स्वतः १८५८ च्या आपल्या पुस्तकात ती निःसंकोचपणे नोंदवली आहे.

पुढे त्या विहिरीवर गुरुद्वारा उभा राहिला. लोकांच्या तोंडी ‘कालियाँवाला खूह’ हे नाव मात्र टिकले. २०१४ साली स्थानिक लोकांनी ती विहीर खणली आणि अस्थी, दात, नाणी, पदके बाहेर आली. लगेच वादही उभा राहिला. हे सांगाडे १८५७ च्या शिपायांचे नसून १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत मारल्या गेलेल्यांचे असावेत, असे काहींचे म्हणणे होते. निर्णय कसा करायचा?

येथे विज्ञान साहाय्याला येते. सजीवाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. मृत्यूनंतर त्याची झीज सुरू होते. उष्णता, ओलावा आणि जिवाणू त्याचे तुकडे करतात. लाखो अक्षरांची पोथी वाळवीने खावी आणि हाती केवळ पन्नास-साठ अक्षरांचे कपटे यावेत, तशी ही अवस्था असते. पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या प्रती दोनच. परंतु पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधील डीएनएच्या प्रती शेकडो-हजारो असतात. म्हणून जुन्या अस्थींतून तो हाती लागण्याची शक्यता अधिक. हा डीएनए केवळ आईकडून अपत्याकडे येतो. म्हणजे तो वाचला की मातृवंशाचा माग लागतो.

नमुना निवडण्यातही शास्त्र आहे. दाताच्या कठीण आवरणाआतील भाग आणि आतील कानाभोवतीची अतिघन अस्थी ही या द्रव्याची सर्वांत सुरक्षित कोठारे. संशोधक दाताचा पृष्ठभाग आधी खरवडून टाकतात आणि मग आतील भागाचे चूर्ण करतात. मोठी भीती असते ती आजच्या माणसाच्या डीएनएची. संशोधकाची एक शिंक वा घामाचा एक थेंब पुरातन डीएनएला झाकोळून टाकू शकतो. म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळा, अंगभर आच्छादन आणि अतिनील किरणांनी केलेले निर्जंतुकीकरण अनिवार्य ठरते. शिवाय जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांशी विशिष्ट रासायनिक बदल झालेले असतात. काळाने उमटवलेली ही मुद्रा पाहूनच नमुना खरोखर प्राचीन असल्याची खात्री होते. या शास्त्राचा पाया घालणारे स्वान्ते पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढे करूनही यश हमखास नसते. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी येथे उत्खनन केले. तेथील ६१ नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अस्थीतून पुरेसा डीएनए मिळाला.

अजनाल्याच्या नमुन्यांवर पंजाब विद्यापीठ, हैदराबादचे पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्र, लखनौची बीरबल साहनी संस्था आणि काशी हिंदू विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी काम केले. ५० नमुन्यांच्या डीएनएचे आणि ८५ नमुन्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे विश्लेषण झाले. बालपणी दात घडत असताना आपण जे पाणी पितो, त्याची खूण दाताच्या आवरणात कायम राहते. म्हणून डीएनए वंश सांगतो, तर समस्थानिके बालपणीचा प्रदेश सांगतात. दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींना दुजोरा देतात का, हे पाहता येते.

२०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हे लोक पंजाबचे वा आजच्या पाकिस्तानातील प्रदेशाचे नव्हते. ते गंगेच्या खोऱ्यातील होते. उत्तर प्रदेशाचा पूर्व भाग, बिहार, बंगाल याच पट्ट्यातून त्या पलटणीची भरती होत असे. लिखित इतिहास आणि अस्थींची साक्ष यांचा मेळ बसला.

आपल्या गोव्यातही असेच घडले आहे. धर्मांतरास नकार दिल्याबद्दल इराणच्या शाह अब्बासने १६२४ साली जॉर्जियाची राणी केतेवान हिला ठार केले. तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मठात आणल्याची नोंद होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास तेथे अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी एका अस्थीतील मातृवंश तपासला. तो बावीस हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातील काही लोकांत मात्र आढळला. तेथे सापडलेल्या इतर अस्थी मात्र भारतीय वंशाच्या निघाल्या, आणि शास्त्रज्ञांनी तेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. राणीविषयीही त्यांनी ‘बहुधा’ हाच शब्द वापरला. २०२१ साली भारताने त्या अस्थींचा अंश जॉर्जियाला सन्मानपूर्वक सुपूर्द केला.

बंधुभगिनींनो, या ‘बहुधा’ शब्दाचे मोल आपण ओळखले पाहिजे. प्रिय निष्कर्षालाही कसोटीवर घासून पाहणे ही इतिहासाशी प्रामाणिक राहण्याची पहिली अट आहे. राखीगढीच्या त्या एका स्त्रीमध्ये मध्य आशियातील स्टेप प्रदेशाच्या पशुपालकांचा अंश आढळला नाही, हे आपण आनंदाने सांगतो. परंतु त्याच सुमारास, २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या व्यापक अभ्यासाने तो अंश इसवी सनपूर्व २००० नंतर भारतीय लोकसंख्येत मिसळल्याचे दाखवले. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवूनच बोलले पाहिजे. सोयीचे तेवढेच वाचणारा माणूस इतिहासाचा अभ्यासक नव्हे, वकील ठरतो.

अजनाला आणखी एक धडा देतो, आणि तो आपल्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी आहे. ती विहीर खणणाऱ्यांची श्रद्धा निर्मळ होती, पण ते काम पुरातत्त्वज्ञांच्या हातून झाले नाही. अस्थी भंगल्या, एकमेकींत मिसळल्या, कोणती कोणत्या थरात होती हे कळण्याचा मार्ग बंद झाला. श्रद्धेने उघडलेली ती विहीर शास्त्राच्या हाती उघडली असती, तर ती अधिक बोलली असती. आपल्या गावात उद्या जुन्या अस्थी किंवा अवशेष सापडले, तर फावडे खाली ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. तीही राष्ट्रसेवाच आहे.

मातृवंशाच्या डीएनएने प्रदेश सांगितला. त्या शिपायांची नावे तो सांगू शकत नाही. गंगेच्या काठच्या कुठल्या घरात कोणती माता किती वर्षे वाट पाहत राहिली, हे आता कधीच कळणार नाही. पण दाताच्या कणात उरलेली ओळख मात्र त्या मातेचीच होती. यंदा तर्पणाची ओंजळ सोडताना त्यांचे स्मरण करावे, एवढेच मागणे मागतो आणि थांबतो.