छत्री उघडू द्या



आर्द्रा नक्षत्र सरत आलं, की जोयडा तालुक्याच्या रानातली माणसं वर आभाळाकडे कमी आणि खाली पायाकडे जास्त बघत चालतात. आभाळ गडगडलं की अळंबी वर येते, असं आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात. रामनगरहून अनमोड घाटाने गोव्यात उतरलं, की हिचीच ओळमी होते आणि भावही चढतो. पण आज मला बोलायचं आहे ते तिच्या चवीविषयी नाही. ती पुन्हा कशी येते, याविषयी बोलायचं आहे.

अळंबीला फूल नाही, बी नाही. तिची पैदास होते बीजाणूंपासून. बियांमध्ये कोंब असतो आणि त्याच्यासाठी शिदोरी बांधलेली असते. बीजाणू म्हणजे नुसती एक पेशी. केसाच्या जाडीत आठ-दहा शेजारी शेजारी मावतील, एवढी लहान. आपल्या भिंतीवरचं शेवाळ, ओढ्याकाठचे नेचे, भाकरीवरची बुरशी, सगळ्यांचा संसार याच धुळीवर चालतो. सुपारीच्या बागेत जुलैत कोळेरोग उतरतो, तोही पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंमुळे. म्हणून तर बागायतदार पावसाआधी घोसांवर बोर्डो मिश्रण मारतात.

एकदा घरी करून पाहा. पुरती उघडलेली अळंबी घ्या. देठ कापा. पाकळ्या खाली येतील अशी छत्री काळ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी झाका. सकाळी वाटी उचलली, की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी फिकट गुलाबी नक्षी उमटलेली असते. बोट लावलं तर पिठासारखी लागते. तेच बीजाणू. (ओळख नसलेली अळंबी मात्र तोंडात घालू नका.) कॅनडातले शास्त्रज्ञ बुलर यांनी 1909 साली कुरणातल्या एका साध्या अळंबीचा हिशेब मांडला, तेव्हा बीजाणू निघाले जवळजवळ 180 कोटी. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक बारीक थेंब जमतो, आणि त्याच्या झटक्याने तो पाकळीवरून सुटतो. पुढचं काम वाऱ्याचं.

एवढे कोटी असूनही रुजतात किती? फारच थोडे. आणि वारुळावरच्या आपल्या अळंबीची अट तर आणखी कडक. धिंगरी अळंबीसारखी ती शेडमध्ये पिशवी टांगून येत नाही. तिला वाळवी लागते.

वाळवी ही शेतकरी आहे, माणसाच्या कितीतरी आधीची. सुमारे 3 कोटी वर्षं ती वारुळात बुरशीची बाग करते आहे. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यातली एखादी जोडी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवं घर मांडते. बहुतेक जातींत या जोडीकडे बुरशीचं बियाणं नसतं. काही आठवड्यांनी तिची पहिली कामकरी पिल्लं पाचोळा आणायला बाहेर पडतात. त्याच सुमाराला जुन्या वारुळांवरच्या छत्र्या उघडलेल्या असतात, आणि पाचोळ्यावर त्यांचे बीजाणू सांडलेले असतात. वाळवी पाचोळा खाते, बीजाणू तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात, आणि विष्ठेच्या थरावर नवी बाग धरते. हे वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं, त्या दिवसापासून मला वारुळाजवळून नुसतं पुढे जाता आलेलं नाही.

आता आपण काय करतो? मिटलेल्या, कळीसारख्या अळंबीला भाव जास्त, म्हणून छत्री उघडण्याआधीच ती उपटतो. पहाटे बॅटरी घेऊन जातो, वारुळावर एकही शिल्लक ठेवत नाही. जुनं वारूळ आहे तोवर पुढच्या वर्षीही तिथे अळंबी येईल, म्हणून आपल्याला नुकसान दिसत नाही. पण नव्या वारुळाला बियाणं कुठून मिळणार? गोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि ती ओरबाडू नका असं ते सतत सांगत आले आहेत. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

जोयड्यातल्या, रामनगरातल्या माझ्या आयाबहिणींना आणि भावांना माझी एवढीच विनंती आहे. अळंबी खा, विका, चार पैसे मिळवा. पण वारुळात कुदळ घालू नका. आणि प्रत्येक वारुळावरच्या चार-पाच छत्र्या तरी उघडू द्या, सुकेपर्यंत तिथेच राहू द्या.