निळू फुले : खलनायकाच्या मुखवट्यामागचा कार्यकर्ता
(मानेसर येथे मराठीभाषक पक्षसभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या मानेसरच्या शेतजमिनींवर आज कारखाने उभे आहेत, तेथे २०११ साली मारुती सुझुकीच्या कामगारांनी आपल्या पसंतीच्या युनियनसाठी संप केले. अशा ठिकाणी एका मराठी नटाचे स्मरण कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, सत्ता दुबळ्या माणसाशी कशी बोलते, हे निळू फुले यांच्याइतके नेमके फार थोड्यांनी दाखवले.

निळकंठ कृष्णाजी फुले पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक हीच त्यांची अभिनयशाळा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले, ‘एक गाव बारा भानगडी’ने १९६८ साली ते चित्रपटात आले आणि १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ने त्यांची रंगभूमीवरील ताकद सिद्ध केली.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या व जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’त ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले. हा हिंदुराव ओरडत नाही. तो आदरातिथ्य करतो, हसतो, हळू बोलतो. कारण साखर कारखान्यासह सारा परिसर त्याच्या मुठीत आहे. सहकाराच्या नावाखाली ग्रामीण महाराष्ट्रात उभा राहिलेला नवा धनिक वर्ग येथे हाडामांसाचा होऊन प्रेक्षकांसमोर आला. पुढे १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये याच नटाने सत्तेचा खेळ पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस साकारला.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुढील अनेक चित्रपटांनी त्यांच्या वाट्याला एकच साचा दिला : बायकांवर वाईट नजर ठेवणारा पाटील वा सरपंच. वर्गाच्या वर्चस्वाची जागा व्यक्तीच्या लंपटपणाने घेतली. प्रेक्षकाने पाटलाला शिव्या घातल्या आणि तो हलक्या मनाने घरी गेला. पाणी, पतपुरवठा व कारखाना यांवरील पकड मात्र पडद्याबाहेरच राहिली. हा दोष नटाचा नव्हे, धंदेवाईक चित्रव्यवसायाचा.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ याच्या अगदी उलट होते. ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ, अंधश्रद्धा निर्मूलन, डॉ. श्रीराम लागू यांच्यासह उभारलेला सामाजिक कृतज्ञता निधी, या कामांत ते अखेरपर्यंत राहिले. ते समाजवादी परंपरेतले. त्या प्रवाहाशी आपले मतभेद जुने आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु कीर्ती मिळाल्यावरही कार्यकर्तेपण न सोडणारा कलावंत सर्वच श्रमिकांचा असतो. १३ जुलै २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कारखान्याच्या फाटकावर मालक दिसत नाही. दिसतो तो कंत्राटदार, आणि तोही गोडच बोलतो. त्या गोड बोलण्यामागची मूठ ओळखायला हिंदुराव शिकवतो. ती मूठ सोडवण्याचे काम मात्र कोणताही चित्रपट करणार नाही. ते संघटनेलाच करावे लागेल.