दांड घातलेलं धोतर

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. यंदा सगळ्यांनी एकसारखा नवा पांढरा पोशाख घ्यावा, अशी सूचना आली आहे. सूचना चांगल्या मनानं आली. पण ठरवण्याआधी माझे दोन शब्द ऐका.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे रानोरान कपाशी. तरी पिकवणाऱ्याच्या अंगावर कापड बेताचंच असायचं. धोतर बसायच्या जागी विरलं की माय तेवढा भाग कापून काढायची आणि दोन्हीकडचे धड तुकडे जोडायची. याला दांड घालणं म्हणतात. लुगड्यालाही दांड असायचा. ते धोतर पुन्हा फाटलं की त्याचा पंचा. पंचा विरला की बाळाला झबलं, दुपटं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत बाळाला टोचत नाही. लुगड्याच्या धड भागाचा पोरीला परकर. बाकीचं गोधडीच्या पोटात. पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यावर खोळ तयार, तिला सुईसुद्धा लागत नाही. आणि आमच्या घरी धुऊन ठेवलेल्या शेवटच्या पट्टीला पीळ देऊन, तेलात भिजवून काकडा व्हायचा. काकडआरतीला नाव त्याच काकड्यावरून आलं.

कोणी याला चिक्कूपणा म्हणेल. पण चिंधी राखणारी तीच माय, दिंडी दारात आली की भाकरी मोजत नव्हती. स्वतःवर कमी खर्चायचं ते दुसऱ्याला देता यावं म्हणून.

आपले नामदेवराय शिंप्याच्या घरचे. आपल्या संप्रदायात सुईला कमीपणा नाही. गाडगेबाबा १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मले. अंगावर चिंध्यांचे कपडे, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्याच बाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते कीर्तनातून सांगत.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्याला जमेल त्यानं नवा पोशाख खुशाल घ्यावा. पण पोशाख नाही म्हणून एखादा सालदार, एखादी मजुरीची बाई वारी चुकवणार असेल, तर तो पोशाख आपल्याला फार महाग पडला. सक्ती नको. वर्गणी काढायचीच तर राहुट्यांना आणि औषधपाण्याला काढू. सामानाच्या गाडीत एक पेटी ठेवू: सुया, दोरा, कात्री, धुतलेलं जुनं धोतर. वाटेत कोणाचं फाटलं तर मुक्कामाला बसून शिवून देऊ. दांड घातलेलं धोतर नेसून आलेला माणूस टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभा राहिला पाहिजे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!