चित्रासमोर छायाचित्र



वांद्र्याच्या चॅपल रोडवर रणजित दहिया या चित्रकारानं 2012 मध्ये ‘अनारकली’ सिनेमाचं पोस्टर भिंतीवर रंगवलं. पुढे त्या गल्लीत चित्रं वाढत गेली, आणि त्यांच्यामागोमाग फॅशनवाले आले. आता सुट्टीच्या सकाळी तिथं एखादी मॉडेल, मेकअपदादा आणि उजेड उलटवायला थर्माकोल धरून उभा राहिलेला पोरगा दिसला, तर कुणी वळूनही बघत नाही.

स्टुडिओतला रंगीत पडदा माणसासाठीच रंगवलेला असतो, फिका, थोडा धूसर. भिंतीवरचं चित्र मात्र चालत्या रिक्षातूनही दिसावं म्हणून भडक असतं. त्यापुढे फुलाफुलांचा ड्रेस घातलेली मुलगी उभी केली की ती हरवलीच! म्हणून कपडे ठरवण्याआधी भिंत बघून या. भिंतीवर जो रंग सगळ्यात कमी, तो मॉडेलच्या अंगावर.

भिंतीला टेकून पोज द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण टेकलं की सावली चित्रावर पडते, आणि उन्हातली भिंत लाल असेल तर तिची लाली गालावर उतरते. ती कुठल्याही पावडरनं जात नाही. सावलीतली भिंत निवडावी आणि मॉडेलला सहा-सात फूट पुढे आणावं. आता चॅपल रोडवर एवढी जागा कुठली? मागे सरकावं तर समोरच्या घराची पायरी पायात येते. वाइड लेन्स लावली तर कडेचे हातपाय ताणले जातात. अशा वेळी भिंतीच्या बाजूला उभं राहून तिरका फोटो घ्यावा. चित्रातला एखादा डोळा, ओढणीचं टोक, एवढंच येतं. मला तर तो तुकडाच पुरतो.

वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दहियांनीच 2014 मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. चित्र इमारतीएवढं, त्यामुळे तिथं सगळं उलटं. मॉडेल भिंतीपाशी नेली तर मुंगीएवढी दिसेल. तिला कॅमेऱ्याजवळ ठेवा, कॅमेरा खाली घ्या. फाळक्यांनी स्वतः गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता, त्यांना हे सांगावं लागलं नसतं.

राहिला हक्काचा प्रश्न. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेलं चित्र सिनेमात दाखवायला स्पष्ट मुभा आहे. फोटोची सवलत देताना मात्र इमारती, शिल्पं आणि कलाकुसरीच्या वस्तू यांचा उल्लेख आहे. रंगवलेल्या चित्राचा नाही. न्यूयॉर्कमध्ये 2018 साली एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत रेवोक या चित्रकाराची भिंत दिसली आणि त्यानं हरकत घेतली. कंपनीच कोर्टात गेली, पण लोक इतके चिडले की तिनं दावा मागे घेतला. आपल्याकडे जाहिरातीच्या बजेटमध्ये गाडी, मेकअप, नाश्ता, सगळ्यांचे रकाने असतात. चित्रकाराचा रकाना मी क्वचितच पाहिलाय.