कोयत्याच्या घरातला पहिला विद्यार्थी



लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला ‘लोकसेवा’ म्हणजे काय असे विचारले, तर तो आयोगाच्या परीक्षेचे नाव सांगेल. त्यात त्याचा दोष आहे असे आम्ही मानीत नाही. ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घराला एक सरकारी नोकरी म्हणजे कर्जातून सुटका वाटते. आमचे म्हणणे निराळे आहे. यांतल्या काही मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. नवराबायको मिळून तेथे एक ‘कोयता’ धरतात. दोन माणसे, पण हिशेबात अवजार एक! घेतलेली उचल फिटली की नाही, हे मुकादमाची वही सांगते. ती वही वाचू शकणारा घरातला एकटाच असतो, आणि तो अभ्यासिकेत असतो.

आता कायद्याकडे पाहू. कंत्राटदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ साली संसदेने कायदा केला. प्रवासखर्च, विस्थापनाचा भत्ता, निवारा, औषधपाणी हे सारे त्यात लिहिले होते. पुढे २०२० च्या संहितेने आपण होऊन परराज्यात गेलेल्या मजुरालाही व्याख्येत जागा दिली. पण राज्याची सीमा ओलांडण्याची अट तशीच ठेवली. म्हणजे उदगीरचा मजूर शेजारच्या बिदरकडे गेला तर तो स्थलांतरित, आणि कितीतरी दूर कोल्हापूरकडे गेला तर नव्हे. बरे, ही सीमा तरी कधीची? उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल त्याच वर्षी आंध्रात गेले. सोयरीक दोन्हीकडे राहिली, रेघ मधून गेली. पाय घरापासून किती लांब गेले हे मोजायचे, की रेघ ओलांडली का एवढेच पाहायचे?

मताची गोष्ट तशीच. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, ते ऐन हंगामाच्या तोंडावर. फडावर पोचलेल्याने मतासाठी गावी परतणे म्हणजे मजुरी बुडवणे.

नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. त्यापूर्वी पदवीसाठी येथील मुलांना बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. आज महाविद्यालय तालुक्याला आले आहे. ‘आधी परीक्षा होऊ द्या, मग समाजकार्य’ असे पालक म्हणतात, ते आम्हांस मान्य आहे. परीक्षा त्याने द्यावीच. तहसीलच्या खुर्चीवर फड पाहिलेला माणूस बसलेला आम्हांस हवाच आहे. परंतु संक्रांतीच्या सुटीत तो आईबापांना भेटावयास जाईल, तेव्हा त्याच्या पिशवीत एक कोरी वही असावी. रोज किती टन तोडले, किती उचल घेतली, किती कापली, हे त्याने आईला विचारून त्यात लिहावे. मुकादम रागावेल. पहिल्या वर्षी आईही रागावेल, कारण पुढल्या वर्षाची उचल त्याच मुकादमाकडून घ्यावयाची असते.